देवासाठी बुटके स्क्रू

आमच्या कंपनीत मशीन आधी देवाचं असतं, मग गिऱ्हाइकाचं, आणि त्यातून काही उरलंच तर ते डिझाईन करणाऱ्याचं. डिझाईन करणारी मी, विजयश्री. राहायला थेरगाव, कामाला चाकण. डांगे चौकापासून कंपनीच्या गेटापर्यंत स्कूटरवर जेवढ्या शिव्या मनात येतात, त्या मी रस्त्यात वाया घालवत नाही. दिवसभरात त्या लागतातच.

आम्ही दुसऱ्या कंपन्यांसाठी मशिनं बनवतो. कुणाला पार्टच्या भोकात बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवायचं मशीन हवं असतं, कुणाला नट आवळायचं. मोठ्या कंपन्यांना जे स्वतः करायचा कंटाळा येतो, ते सगळं आमच्याकडे येतं. मालक नानासाहेब. मावळातले, साठी ओलांडलेले, खिशाला तीन पेनं आणि त्यातलं एकही चालत नाही. उजव्या हाताला तीनच बोटं. बाकीची दोन तरुणपणी एका प्रेसखाली गेली. ती कशी गेली हे नाना प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मला तर नोकरीच्या मुलाखतीतच सांगितलं होतं. त्या प्रेसवर गणपतीचा फोटो असायचा. रंगकामासाठी तो उतरवला आणि नेमक्या त्याच दिवशी प्रेस हातावर आला. म्हणून पुढे स्वतःची कंपनी काढल्यावर नानांनी ठरवलं, की आपलं कुठलंही मशीन देव बसवल्याशिवाय गेटाबाहेर जाणार नाही.

रंगकामासाठी फोटोबरोबर प्रेसचा गार्डही, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं लोखंडी कुंपणही, उतरवलं होतं, हेही नाना त्याच हकिकतीत सांगतात. फक्त ते वाक्य जरा घाईत येतं.

देव म्हणजे तळहाताएवढी पितळी पाटी. मधे गणपती, खाली कोपऱ्यात उंदीर, चारी टोकांना स्क्रू. जागा ठरलेली. ईशान्य कोपरा, आणि तोही कामगाराचा हात जिथे फिरतो तिथलाच. मी एकदा म्हटलं, "नाना, आपल्या शेडमधली ईशान्य गिऱ्हाइकाकडे मशीन फिरवून ठेवलं की नैऋत्य होते."

"मशीन फिरतं गं," नाना म्हणाले, "देव फिरत न्हाई."

मी चहा प्यायला गेले.

या वेळचं मशीन दुचाकीच्या एका भागात रबरी बुश बसवायचं होतं. मशीनवरच्या बाईनं सरकत्या टेबलावर पार्ट ठेवायचा, डाव्या हातानं बटण दाबायचं, टेबल आत सरकणार, झाकण लागणार आणि मग प्रेस खाली येणार. मी दोन बटणं सुचवली होती, म्हणजे दोन्ही हात बटणांवर अडकून राहतात आणि टेबलावर कुणी हात ठेवायचा प्रश्नच येत नाही. पण गिऱ्हाइकाकडचा इंजिनिअर मधुसूदन म्हणाला, "मॅडम, दोन बटणं म्हणजे सायकल टाइम वाढला. एकेका पार्टला एक सेकंद जास्त." एक सेकंद वाचत असेल तर हा माणूस स्वतःच्या नावातली दोन अक्षरं कमी करील.

बरं, नको दोन बटणं. मग मी टेबल एकदम सपाट ठेवलं. ते ज्या गार्डखालून आत जातं तिथे फट ठेवली फक्त सहा मिलिमीटर. चुकून हात टेबलावर राहिलाच, तर तो गार्डच्या कडेला अडेल आणि टेबल खालून निसटून पुढे जाईल. बाई माझ्या नावानं दोन शिव्या देईल, पण बोटं तिच्याकडे राहतील. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. टेबलावर काहीही वर आलेलं नको.

आणि टेबलाचाच मागचा उजवा कोपरा ईशान्येला आला.

"नाना, बाजूच्या खांबावर लावूया ना."

"खांबावर कोण हात ठेवतंय? हात टेबलावर, तर देव बी टेबलावर."

"अहो, वर आलेल्या स्क्रूला बाही अडकेल, ग्लोव्ह अडकेल. टेबल सरकताना हात ओढला जाईल."

"देव बसल्यावर कशाला ओढला जाईल?" नानांनी असं विचारलं, की जणू मीच जरा मंद आहे.

मी भांडले. खरंच भांडले. ऑफिसातल्या पोरांनी हेडफोन काढून ऐकावं इतपत भांडले. शेवटी नाना म्हणाले, "हे बघ, कंपनी माझी, बोटं बी माझीच गेलीत. तू फक्त स्क्रू निवड."

तर स्क्रू निवडायचा. फट सहा, पाटी दोन, उरले चार मिलिमीटर. आम्ही सगळीकडे वापरतो तो डोक्यात षटकोनी खळगा असलेला अ‍ॅलन स्क्रू, त्याचं डोकंच पाच मिलिमीटर उंच. म्हणजे पहिल्याच फेरीला देव गार्डवर थडकणार. बुटक्या डोक्याचा काहीतरी शोधणं भाग होतं. त्यासाठी मी, नाना आणि आमचा हेड फिटर ज्योतीराम असे तिघं बसलो.

ज्योतीरामची ओळख करून द्यायला हवी. हा बीडकडचा, छातीनं दरवाजा अडेल असा. नानांची श्रद्धा गणपतीवर, ज्योतीरामची पाइपावर. अ‍ॅलन कीच्या टोकाला हातभर लांब लोखंडी पाइप घालायचा आणि सगळं अंग टाकून आवळायचं, ही त्याची पद्धत. "माझ्या हातचा स्क्रू सुटत नसतो," असं तो छाती ठोकून सांगतो. खरं आहे. सुटत नाही, तुटतो.

मी पहिल्यांदा काढला तो पूर्ण बुडणारा स्क्रू. याचं डोकं पाटीत खड्डा करून आत बसतं, वर काहीच येत नाही. पण आमची पाटी दोन मिलिमीटरची. तेवढा खड्डा करायचा तर कोपऱ्यातला उंदीर अर्धा जात होता.

"उंदीर ऱ्हायला पाह्यजे," नाना म्हणाले.

मग बटण हेड. बसका, गोल घुमट, कड नावाला नाही, कापड घासून गेलं तरी अडकणार नाही. मला हाच हवा होता. नानांनी तो बोटांत धरून फिरवला. "देवाला चारी बाजूंनी बटणं? सदरा हाय का ह्यो?" ज्योतीराम म्हणाला, "मॅडम, हे फर्निचरला लावतेत. मशीनला नाही." झालं, बटण हेड बाद.

ज्योतीरामची सूचना होती, की नेहमीच्याच स्क्रूचं डोकं लेथवर खराडून घ्यावं. मी म्हटलं, डोकं खराडलंस तर खळग्यातही काही राहणार नाही, चावी कशात घालणार? तो म्हणाला, "बसवू की ओ पाइप लावून." मी दुहेरी चिकटपट्टीचं नाव काढलं, तेव्हा मात्र दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी देवाला सेलोटेपनं भिंतीवर चिकटवा म्हणाले. म्हणजे, मी तेच म्हणाले होते.

शेवटी उरला लो हेड. दिसायला नेहमीच्या अ‍ॅलनसारखाच, फक्त मान नसलेल्या माणसासारखा. डोकं साडेतीन मिलिमीटर. चारात साडेतीन, वर अर्धा मोकळा. देव गार्डखालून सुखरूप जाणार होता. बाईच्या हाताचं काय, हे त्या बैठकीत दुसऱ्यांदा विचारायला गेले, तेव्हा नाना उठून फोनवर बोलायला लागले होते.

एक गोष्ट मी ज्योतीरामला स्पष्ट सांगितली. "भाऊ, याचं डोकं बुटकं म्हणून आतला खळगा उथळ आहे. चावीही बारीक लागते. हातानं आवळायचा. पाइप नाही. पाटी आहे, पूल नाही बांधत आपण."

"समजलं मॅडम," ज्योतीराम म्हणाला.

मी एका मीटिंगला गेले. परत आले तर पाइप भिंतीला टेकवलेला आणि चारी स्क्रूंचे खळगे फिरून गोल झालेले. चावी घसरताना धातू वर उचलला गेला होता आणि प्रत्येक डोक्यावर एक धारदार कपची उभी राहिली होती. मी बोट लावलं, बोटाला लगेच चर्र झालं.

"आता देव हलायचा नाही," ज्योतीराम म्हणाला.

"हलायचा नाही, काढायचाही नाही! कशानं खोलणार आता हे? आण ती कानस इकडे."

पण मधुसूदनची गाडी गेटात शिरली होती. ट्रायल बघायला तो आला होता. नाना म्हणाले, "घासू उद्या. पाव्हणे आले." मशीनवर झेंडूचा हार पडला, कुंकू लागलं, नारळ फुटला. मधुसूदननं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं.

त्यांच्याकडून मशीन चालवायला आल्या होत्या शालनबाई. कंत्राटी कामगार, जालन्याकडच्या, पन्नाशीच्या आसपास. हातात हिरव्या बांगड्या. कामावर बांगड्या चालत नाहीत, आणि बाई त्या काढत नाहीत, म्हणून त्यांच्या लाईनवरच्या सगळ्या बायका जुन्या मोज्यांचे पंजे कापून कोपरापर्यंत चढवतात. बांगड्या मोज्याच्या आत. सेफ्टीवाले खूश, सासरचेही खूश. शालनबाईंच्या मोज्याची मनगटाकडची कड उसवून दोरे लोंबत होते.

त्यांनी पाटीला हात जोडले आणि कामाला लागल्या. हात झकास चालत होता. पार्ट ठेव, बटण दाब, पार्ट काढ. मधुसूदनच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, उगी भांडत होतीस."

तेवढ्यात एक पार्ट तिरका बसला. शालनबाईंनी डाव्या हातानं बटण दाबलं होतं, आणि टेबल सरकता सरकता उजव्या हातानं पार्ट दाबून सरळ केला. कुणीही हेच केलं असतं. मोज्याचा दोरा स्क्रूवरच्या कपचीत अडकला. टेबल आत निघालं, आणि मोज्याबरोबर हातही निघाला.

त्या ओरडल्या. मी मशीन थांबवायच्या लाल बटणाकडे झेप घेतली, पण माझ्याआधी तिथे नानांची तीन बोटं पोचली होती.

टेबल थांबलं. मोजा गार्डखाली गेलेला, मनगट कडेवर दाबलेलं, बांगड्यांच्या काचा टेबलभर. टेबल हवेच्या दाबावर सरकतं, ती हवा सोडून आम्ही ते हातानं मागे ओढलं. हात बाहेर आला. सगळी बोटं जागेवर होती. काचेनं दोन ठिकाणी कापलं होतं, रक्त येत होतं, आणि शालनबाई हात छातीशी धरून खाली बसल्या. मला भीती वाटली होती. आणि राग आला होता. नानांचा, ज्योतीरामचा, मधुसूदनच्या स्टॉपवॉचचा, आणि त्या साडेतीन मिलिमीटरला मुकाट्यानं मान डोलावणाऱ्या माझाही.

"देव होता म्हणून वाचलाव बघा मावशी," ज्योतीराम म्हणाला.

नानांनी पाटीकडे वळून हात जोडले. डोळे मिटले. एक हात तीन बोटांचा, एक पाच बोटांचा.

माझं तोंड मग मला आवरलं नाही. "नाना, डोळे उघडा! देवानं वाचवलं नाही. देवानंच ओढलं! तो बघा, मोज्याचा दोरा अजून त्याच्या स्क्रूत आहे. तुमची बोटं फोटो काढला म्हणून गेली नव्हती. गार्ड काढला म्हणून गेली होती. सगळ्यांना सांगता, आणि स्वतः ऐकत नाही!"

मधुसूदन मोबाईलकडे बघत होता, पण त्यावर काही लावलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, उद्यापासून चाकणचं ट्रॅफिक सुटलं.

नानांनी डोळे उघडले. ते दोऱ्याजवळ वाकले. करंगळी आणि अनामिका नसलेल्या हातानं त्यांनी तो दोरा धरून ओढला. निघाला नाही.

"ज्योतीराम," ते म्हणाले, "काढ."

ज्योतीरामनं चावी घातली. चावी गोल फिरली. पाइप घातला, तरी गोलच. शेवटी त्यानं ड्रिल आणलं आणि स्वतःच्याच कर्तबगारीवर एकेक करून भोकं पाडली. पाटी निघाली तेव्हा नानांनी ती शर्टाला पुसली आणि खिशात ठेवायला गेले. खिशात मावेना, म्हणून हातातच धरून उभे राहिले.

शालनबाईंना मी जवळच्या दवाखान्यात नेलं. परत आले तोवर मधुसूदननं दोन बटणांना होकार देऊन टाकला होता, सायकल टाइमचं नावही न काढता. नाना ऑफिसात बसले होते. मी राजीनामा कसा लिहायचा याचा विचार करत आत गेले.

"आजवर किती मशीनवर बसवला आपण देव?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांवर, नाना."

"आणि हात फिरतो तिथंच."

"हो."

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं त्यांनी रात्री निवांत झोपावं म्हणून जे केलं होतं, ते सगळं एमआयडीसीभर पसरलेलं होतं, आणि प्रत्येकासमोर एकेक बाई हात घालून उभी होती.

"उद्या गाडी काढ," ते म्हणाले. "देव उतरवायला जाऊ."

तर आम्ही निघालो. स्टिअरिंगवर मी, कारण चाकणच्या रस्त्यावर नानांना राग येतो आणि ते गाडी सोडून उतरतात. मला राग येतो तरी गाडी चालते. मागे ज्योतीराम, मांडीवर ड्रिल. प्रत्येक गेटावर वॉचमन विचारायचा, "काम काय?" नाना खरं तेच सांगायचे, "देव काढायचाय." वॉचमन थोडा वेळ बघायचा आणि "मेन्टेनन्स" असं लिहायचा.

काही ठिकाणी पाटी सहज निघाली, खांबावर गेली. काही ठिकाणी हुज्जत झाली. एका मॅनेजरनं सांगितलं, की आमचं प्रॉडक्शन या गणपतीमुळे आहे. नाना म्हणाले, "मग त्येला तुमच्या केबिनीत बसवतो." तो लगेच मशीनवरून काढा म्हणाला. कुठे कुणाला इजा झालेली नव्हती. निदान कुणी सांगितलं तरी नाही.

मग आम्ही चिंचवडला गेलो. तिथे आमचं फार जुनं मशीन आहे, नानांनी स्वतः उभं केलेलं. दर खंडेनवमीला नाना तिथे जाऊन नारळ फोडतात. मशीनवर होत्या सोजराबाई, पहिल्यापासून तिथेच असलेल्या. आम्ही पोचलो, तर मशीनवर देव नव्हता. चार भोकं होती, तीही ग्रीसनं बुजलेली.

"सोजराबाई, पाटी कुठाय?" नानांनी विचारलं.

सोजराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शेजारणीकडे बघितलं, शेजारणीनं छताकडे. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या तिकडं हाय की. पाण्याच्या टाकीपाशी." पाटी तिथे खिळ्याला तारेनं टांगलेली होती. पुढ्यात ताजं जास्वंदीचं फूल.

"कधी काढली?"

"लई वर्सं झाली, नाना. बाही अडकायची सारखी. आमी सगळ्या बायांनी मिळून मेन्टेनन्सवाल्याकडनं काढून घेतली."

"पण मी दरसाली येतोय. दरसाली मशीनवरच बघतोय मी."

सोजराबाईंनी पदर सारखा केला. "तुमी यायच्या आदल्या दिवशी लावायचो परत. दोनच स्क्रू, ते बी हातानं फिरवल्याले. तुमी गेलाव की काढायचो."

मागे ज्योतीराम खोकला. माझ्या तोंडातून हसू फुटायच्या बेतात होतं, पण मी नानांकडे बघितलं आणि ते आत गेलं.

"मला सांगायचं न्हाई व्हय?" नाना म्हणाले.

"कसं सांगायचं? एवढ्या दुरून येता, नारळ फोडता, डोळे मिटून उभं ऱ्हाता. तुमच्या जीवाला लागलं आसतं."

नानांनी सोजराबाईंपुढे हात पसरला. "हात दाखवा बघू. दोनी."

"भविष्य बघताय व्हय?" सोजराबाई हसल्या, पण हात पुसून त्यांनी पुढे केले. नानांनी एकेक बोट धरून मोजलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"धाच हायत, नाना," सोजराबाई म्हणाल्या. "अकरावं कुठनं आणू?"

नानांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

तोवर नाना हात बघतात ही बातमी लाईनभर गेली होती. चहाची सुट्टी झाली तशा बाया एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या, हात पुसत, एकमेकींना ढकलत. नानांनी कुणालाही परत पाठवलं नाही. प्रत्येकीचे दोन्ही हात धरले, प्रत्येकीची बोटं मोजली. शेवटी एक नवी पोर पुढे आली आणि तिनं लाजत विचारलं, "नाना, लग्नाचं काय दिसतंय?"

नानांनी तिची बोटं शेवटपर्यंत मोजली.

"सगळं जागच्या जागी हाय," ते म्हणाले. "जा, चहा पी."